लूमची जुनी मॅन्युअलं मोबाइलवर आणायची आहेत, कुणी केलंय का?

पाइलवाला

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो (टॉवेलवरचे ते उभे फासे, त्यांना पाइल म्हणतात). आमच्याकडच्या रॅपियर लूम (आडवा धागा दांडीनं ओढून नेणारे माग) युरोपातून वापरलेल्या आणलेल्या. कंटेनरमधून मशिनी उतरल्या तेव्हा सोबत मॅन्युअलंही उतरली, कड्यांच्या जाडजूड अकरा फायली. सेटिंगच्या वेगळ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या वेगळ्या, पार्ट कॅटलॉग वेगळे, आणि वायरिंगचे घडी घातलेले ए-थ्री नकाशे. सगळी मिळून २,३०० च्या आसपास पानं. बरीचशी इंग्रजीत, दोन फायली नुसत्या इटालियनमध्ये.

अडचण अशी की फायली ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली मॅनेजरकडे आणि लूम बंद पडणार रात्री अडीचला. मग जॉबर, म्हणजे लूमवर देखरेख करणारा, मला फोन करणार, मी झोपेत आठवून सांगणार. जी फाइल खाली शेडमध्ये राहते तिची पानं ग्रीसनं इतकी पारदर्शक झालीत की मागच्या पानावरचं गिअरबॉक्स पुढच्या पानावर दिसतंय.

मालक म्हणाले, दिवाळीच्या आत सगळं मोबाइलवर दिसलं पाहिजे. चाचणी म्हणून एक फाइल गावातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे दिली. त्यानं दोन दिवसांत पीडीएफ दिली. उघडते, पण पानं तिरकी आहेत आणि फॉल्ट नंबर टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही. पुढं काय करू? मला एवढंच हवंय की स्क्रीनवर फॉल्टचा नंबर दिसला, मोबाइलवर टाकला, की पान उघडलं.

फुकटचा सल्ला

टॉवेलवाल्यानं धागा काढला आणि तो तुटला नाही तर प्रतिसाद देईन म्हणतो. बाकी तुमची किल्ली मॅनेजरकडे असेल तर आधी डुप्लिकेट किल्ली करा की ओ. चाळीस रुपयांत काम.

लिनक्सराव

हसू आलं, पण किल्लीचा सल्ला वाईट नाही.

पाइलवाला, तुमच्या पीडीएफमध्ये अक्षरं नाहीतच, अक्षरांचे फोटो आहेत. म्हणून शोध लागत नाही. त्यावर ओसीआर चालवावं लागेल, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा एक अदृश्य थर त्याच जागी पानामागे बसवायचा. दिसतं तेच मूळ पान, पण शोध आणि कॉपी चालते. फुकटात टेसरॅक्ट आहे. एचपीनं ऐंशीच्या दशकात सुरू केलेला प्रकल्प, २००५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला, पुढं गुगलनं सांभाळला. इंग्रजी आणि इटालियन दोन्ही भाषा एकाच वेळी लावता येतात, मराठीही आहे. थेट टेसरॅक्टशी झटापट करण्यापेक्षा ओसीआरमायपीडीएफ वापरा. एक आज्ञा दिली की पान सरळ करतं, थर बसवतं आणि वर पीडीएफ-ए प्रकारात साठवतं. हा दीर्घकाळ जपणुकीसाठी ठरवलेला प्रकार आहे, फॉण्ट वगैरे सगळं फाइलच्या आतच राहतं.

पण त्याआधी सांगा, स्कॅन किती डीपीआयवर, म्हणजे इंचाला किती ठिपक्यांवर, आहे? ३०० च्या खाली असेल तर ओसीआर रडणार.

पाइलवाला

बघितलं. २०० आहे. आणि नुसतं काळं-पांढरं, मधला करडा रंग अजिबात नाही. तरी तुम्ही सांगितलं तसं चालवून पाहिलं. मजकुराची पानं बऱ्यापैकी निघाली! 'वेफ्ट' म्हणजे आडवा धागा टाकलं की सगळे वेफ्ट फीलर, तो धागा तुटला का बघणारे सेन्सर, समोर. मालकांना दाखवलं, खूष झाले.

दुसऱ्याच आठवड्यात तोंडावर आपटलो. कॅटलॉगमधून एका बेअरिंग हाउसिंगचा नंबर कॉपी करून ऑर्डर टाकली. नंबरात मध्ये 'बी' होता, ओसीआरनं '८' वाचला. त्या नंबरचा दुसराच पार्ट अस्तित्वात होता, त्यामुळे पाठवणाऱ्यालाही शंका आली नाही. नऊ दिवस एक लूम उभी. कागदावर डोळ्यांनी वाचून नंबर लिहिला असता तर हे झालं नसतं. मालक आता म्हणतात, तुझा मोबाइल राहू दे, फाइलच आण.

शब्दखूण

मी पुण्यात तांत्रिक लेखन करते, गेली बरीच वर्षं मशिनींच्या पुस्तिकाच लिहिते आहे. तुमचा प्रश्न स्कॅनिंगचा नाहीच, वर्गवारीचा आहे. अकरा फायली सरसकट एकाच चरकातून काढू नका.

फॉल्ट कोडचा तक्ता घ्या. तो कितीसा असेल, फार तर चाळीस-पन्नास पानं. तो स्कॅन करून ठेवूच नका, सरळ टाइप करा. प्रत्येक कोडचं स्वतःचं एक छोटं वेबपान. वर कोड, खाली कारण, मग काय तपासायचं ते, आणि शेवटी 'मूळ पान पाहा' अशी लिंक. मोबाइलची स्क्रीन चार बोटं रुंद असते. त्यावर ए-फोर पीडीएफ म्हणजे खिडकीच्या फटीतून चादर बघण्यासारखं, इकडे ओढा तिकडे ओढा. वेबपान स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे स्वतः मोडतं. साध्या मजकूर-फायलीत लिहायचं आणि एमकेडॉक्ससारख्या साधनानं साइट बांधायची. शोधाची पेटी त्यात आयतीच येते. कारखान्याच्या वायफायवर एखादा जुना कॉम्प्युटर लावला की इंटरनेटचीही गरज नाही.

सेटिंगची पानं मधल्या गटात. ती जसजशी लागतील तसतशी टाइप करा, आधी सगळी नकोत. आणि पार्ट कॅटलॉग, सर्किटचे नकाशे ही बघायची पानं आहेत, वाचायची नाहीत. ती चित्र म्हणूनच राहू द्या. ओसीआरचा उपयोग तिथे फक्त पान सापडण्यापुरता. नंबर घ्यायचा तो चित्रावरून, डोळ्यांनी. हा नियम मोठ्या अक्षरांत प्रत्येक कॅटलॉग पानाच्या माथ्यावर टाका.

कुणी तुम्हाला डिटा वगैरे एक्सएमएल पद्धती सुचवेल. ते आयबीएमनं काढलेलं प्रकरण मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी छान आहे, जिथे एकच परिच्छेद पन्नास पुस्तिकांत वापरायचा असतो. वीस-पंचवीस लूमसाठी ते म्हणजे चटणी कुटायला रोडरोलर.

लिनक्सराव

शब्दखूण, टाइप करणार कोण पण? माणूस लावायचा म्हणजे पगार आला. मी म्हणतो ६०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन करा, काळं-पांढरंच ठेवा म्हणजे फाइल हलकी राहील, स्कॅनटेलरमधून काढून डाग पुसा, ओसीआर सुधारेल. रंगीत स्कॅन परवडत नाही. हिशेब बघा: ३०० डीपीआयला ए-फोर पान २,४८० बाय ३,५०८ ठिपक्यांचं, रंगीत म्हणजे ठिपक्याला तीन बाइट, एक पान कच्चं २६ एमबी. गुणिले २,३००, झाले ६० जीबी.

जुना ड्राफ्ट्समन

निवृत्त आहे, वय ७१. टी-स्केअर आणि रोटरिंग पेनच्या जमान्यातला. मध्ये बोलू का?

लिनक्सराव, डाग पुसायचं ते बटण मी आमच्या सोसायटीच्या नकाशांवर दाबलं होतं. डाग गेले. सोबत दशांश चिन्हंही गेली. मशिनच्या दृष्टीनं धुळीचा कण आणि दशांशाचा ठिपका यांत फरक काय? काही नाही. तुमच्या दोन फायली इटालियन आहेत, तिथे तर ठिपक्याऐवजी स्वल्पविराम देतात, ०,३ असं. तो अर्धवट पुसला की ठिपका, पूर्ण पुसला की ०३. फिटर शहाणा असेल तर हसेल, नवा असेल तर तीन मिलिमीटर फट ठेवून मोकळा होईल.

दुसरं, काळ्या-पांढऱ्या पीडीएफचा आकार लहान करणारं जेबिग-टू नावाचं तंत्र आहे. त्यात एक प्रकार असा की एकसारखी दिसणारी अक्षरं एकदाच साठवायची आणि बाकी ठिकाणी तीच चिकटवायची. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं याच पायी आकडे बदलत होती. घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी, स्कॅन केल्यावर तिन्हींवर १४.१३. ओसीआर चालूच नव्हतं, नुसतं चित्र होतं! आणि अक्षर धूसर नव्हे, स्वच्छ, कोरीव, आणि चूक. वाईट स्कॅन दिसतं तरी वाईट. हे दिसतं चांगलं, म्हणून घातक. शब्दखूण म्हणतात 'नंबर चित्रावरून घ्या', पण चित्रच खोटं बोललं तर? तेव्हा ते तंत्र वापरणार असाल तर त्यातला ठिपक्याला ठिपका राखणारा प्रकारच वापरा. आणि प्रत्येक फायलीतली दहा-वीस पानं कागदाशी ताडून बघा, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं. आम्ही ट्रेसिंग असंच तपासायचो.

आता पाइलवाल्यांना एक प्रश्न. त्या फायलींत पेन्सिलीनं लिहिलेलं काही आहे का? जिथे जुना माणूस हाताळतो तिथे असतंच. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये फिकट पेन्सिल पांढऱ्यात जमा होते. बघून सांगा.

फुकटचा सल्ला

१४.१३ ची गोष्ट वाचून माझ्या फ्लॅटचा नकाशा काढून बसलोय. बिल्डरनं कार्पेट एरिया कुठल्या यंत्रावर स्कॅन केला होता देव जाणे.

पाइलवाला

काका, तुमचा प्रश्न वाचून आज जेवणाच्या सुट्टीत कागदी फाइल आणि पीडीएफ शेजारी ठेवून बसलो. डबा तसाच राहिला.

४१२ पानांच्या त्या एका फायलीत ७३ पानांवर पेन्सिल आहे. पीडीएफमध्ये त्यातलं जवळपास काहीच नाही. कुठे कुठे अर्धी रेघ उरलीय, बाकी पान कसं चकचकीत पांढरं. मी इतकी वर्षं ती फाइल उघडतोय आणि मला ते कधी खटकलंच नाही, कारण मी छापलेलंच वाचायचो. हे लिखाण आमच्या आधीच्या जॉबरमामांचं आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आकडे, बाण, कुठे छापील आकड्यावर काट मारून शेजारी दुसरा. बरंचसं तेलुगूत आहे, मला वाचता येत नाही.

बरं झालं एकच फाइल दिली होती. त्या दुकानदारानं स्कॅनरमध्ये भराभर जावीत म्हणून पानांच्या भोकांकडची कडही कापलीय. कडेला लिहिलेलं दोन-तीन ठिकाणी अर्धं गेलंय.

शब्दखूण

आई गं. काकांना दंडवत, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही पुस्तिका लिहितो तेव्हा ती छापून झाली की आमच्या लेखी संपते. समासाला आम्ही कोरी जागा म्हणतो.

आता रंगीतच स्कॅन करा, निदान करड्या रंगात तरी. आणि लिनक्सराव, ६० जीबी हा कच्चा हिशेब झाला. जेपीईजीत नीट दाबलं तर पान एक एमबीच्या आसपास येतं. सगळं मिळून पेन ड्राइव्हवर मावेल. मूळ स्कॅन एका डिस्कवर न दाबता ठेवा, ऑफिसच्या बाहेर त्याची एक प्रत ठेवा, आणि मोबाइलला दाखवायची प्रत वेगळी हलकी करा.

लिनक्सराव

मान्य. माझा काळ्या-पांढऱ्याचा हट्ट मागे. भर एवढीच: मोबाइलची पीडीएफ 'लिनिअराइज' करून ठेवा, क्यूपीडीएफनं होतं. मग अख्खी फाइल उतरायची वाट न बघता पहिलं पान लगेच दिसतं. ए-थ्री नकाशांसाठी पीडीएफ नको. ओपनसीड्रॅगन वापरा, चित्राचे चौकोनी तुकडे पाडून ठेवतात आणि जेवढा भाग मोठा करून बघाल तेवढेच तुकडे येतात, मोबाइलवरच्या नकाशासारखं. घडीच्या रेघेवर वायरचा नंबर आला असेल तर तेवढा भाग कागद दाबून पुन्हा स्कॅन करा.

आणि लूमवर क्यूआर कोड चिकटवा. त्यात चूक-दुरुस्तीचे चार स्तर असतात, वरचा 'एच' घेतला तर जवळपास ३० टक्के कोड खराब झाला तरी वाचला जातो. तुमच्याकडे ग्रीस आणि कापूस आहे, तेव्हा 'एच'च.

पाइलवाला

कापसावरून सांगतो. काल स्वतःच स्कॅनर आणून बसलो, वरून पानं आपोआप ओढणारा. साठ पानं झाल्यावर बघतो तर प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ. मला वाटलं स्कॅनर गेला. काच पुसली, तरी रेघ. शेवटी कळलं, पानं ओढताना तो मोठ्या काचेवर वाचतच नाही, बाजूला बोटभर रुंदीची एक वेगळी पट्टी असते तिथं वाचतो. त्या पट्टीवर टॉवेलचा एक तंतू बसला होता. एक. सपाट काचेवर स्कॅन केलं असतं तर कोपऱ्यात एक केस दिसला असता, इथं पान सरकतंय आणि तंतू जागेवर, म्हणून रेघ. आता स्कॅनर शेडपासून लांब, अकाउंट्सच्या खोलीत नेला. तिथं आधी कपडे झटकल्याशिवाय आत जात नाही, सगळे हसतात.

ग्रीसची पानं मात्र ओढणीतून जात नाहीत, रोलर घसरतो. ती सपाट काचेवर एकेक. पारदर्शक झालेल्या पानामागे काळा कागद ठेवला की मागचं गिअरबॉक्स दिसायचं थांबतं, हा शोध माझा स्वतःचा.

सहीशिक्का

वकिलीच्या अंगानं एक ओळ. ती पुस्तिका निर्मात्याच्या कॉपीराइटखाली आहे, जुनी असली तरी. तुमच्या मशिनीच्या दुरुस्तीसाठी कारखान्याच्या आत वापरणं आणि सगळ्या जगाला खुली करून साइटवर टाकणं यांत मोठा फरक आहे. वायफायच्या बाहेर जाऊ देऊ नका. निर्मात्याला एक मेल टाकून बघा. कधी कधी ते स्वतःच पीडीएफ देतात, मग स्कॅनचा अर्धा ताप वाचेल.

पाइलवाला

मेल टाकला होता. उत्तर आलं, दोन फायलींच्या चांगल्या पीडीएफ मिळाल्या. पण त्या पुढच्या आवृत्तीच्या आहेत, काही पार्ट नंबर बदललेत. आणि पेन्सिल अर्थातच नाही.

अजून एक डोकेदुखी: आमच्याच कारखान्यानं पूर्वी काढलेल्या मराठी सूचना, तेल कधी बदलायचं वगैरे. त्या कॉम्प्युटरवर आहेत, पण श्रीलिपीत. वेबपानावर चिकटवलं की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी.

शब्दखूण

ते जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टचं दुखणं. त्यात 'क' साठवलेला नसतो, इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉण्ट काढला की चित्र गेलं. युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक मिळतात, पण नेमक्या त्याच फॉण्टचा घ्या. रफार आणि पहिली वेलांटी तपासा, घसरतात ती तिथेच. पाच-दहा पानं असतील तर पुन्हा टाइप केलेलं बरं.

कन्नाचौक

खूप दिवसांनी लिहितेय. तेलुगू मी वाचू शकते, आमच्या घरात आजोबांपासून माग. सोलापूरच्या पूर्व भागातलीच आहे. फोटो टाका की ओ.

पाइलवाला

ताई, देव पावला. ग्राउंड बीमच्या, म्हणजे टॉवेलच्या पायाच्या उभ्या धाग्यांच्या रुळाच्या, ताणाचं पान टाकलंय. छापील आकड्यावर काट आहे, शेजारी कमी आकडा, आणि खाली दोन ओळी. टेसरॅक्टला तेलुगू लावून पाहिलं, त्याला छापील येतं, हातचं नाही. त्यानं स्वल्पविरामांची रांग दिली.

कन्नाचौक

पहिली ओळ 'एंडाकालमलो बिगिंचवद्दु', म्हणजे उन्हाळ्यात आवळू नका. दुसरी 'तेमा चूडु', ओल बघ. 'तेमा' म्हणजे हवेतली ओल, दमटपणा. आमच्या मागाच्या घरात मे महिन्यात हा शब्द रोज ऐकू यायचा, आजोबा जमिनीवर पाणी मारायला लावायचे.

जुना ड्राफ्ट्समन

वा! पुस्तिकेतला ताण दमट राखलेल्या शेडसाठी दिलेला असणार. सुती धागा कोरडा पडला की ताकद कमी होते, उभे धागे तुटायला लागतात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ च्या वर आणि हवा फुफाट्यासारखी. माणसानं तुमच्या गावासाठी पुस्तिका दुरुस्त करून ठेवली होती.

शब्दखूण

हे त्या वेबपानावर छापील आकड्याच्या बरोबर खाली, वेगळ्या रंगाच्या चौकटीत टाका. मूळ तेलुगू, मराठी अर्थ आणि पेन्सिलीचा फोटो, तिन्ही.

पाइलवाला

टाकणारच होतो. मग म्हटलं, मामा गावातच आहेत, विचारून तर घेऊ. आज संध्याकाळी फोन केला, पान वाचून दाखवलं. आधी दोन मिनिटं हसले. मग म्हणाले, "ते खोड बे. ह्युमिडिफिकेशन प्लांट बसायच्या आधीचं हाय ते. आता एवढा ढिला ताण ठेवलास तर पाइल वर-खाली येईल, माल रिजेक्ट होईल." (प्लांट म्हणजे शेडची हवा दमट ठेवणारी यंत्रणा.) मी म्हटलं, मग काट मारायची का? थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "प्लांट बंद पडला तर मात्र तेच. लाइट गेली, उन्हाळा हाय, शेड सुकली, तर तेच धर."

७३ पानांपैकी किती प्लांटच्या आधीची आणि किती नंतरची, हे फक्त त्यांनाच माहीत. रविवारी सकाळी त्यांच्या घरी बसायचं ठरलंय. कन्नाचौक ताई, व्हिडिओ कॉलवर येता का? मामांना मराठी येतं, पण स्वतःचं अक्षर वाचताना ते तेलुगूत जातात.

तोपर्यंत त्या पानावरची चौकट अशी ठेवलीय: 'फक्त प्लांट बंद असताना. जॉबरमामांना विचारून, फोनवर.' आणि खाली मूळ पानाची लिंक.

कन्नाचौक

रविवारी दहानंतर. आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे, आधी नळ उरकू दे.